एका फेरीला एक चाल

"नोकरी आणि संसार सांभाळून छंदासाठी वेळ कसा काढलात, यावर लिहा," असं या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या. मी फोनवरच सांगितलं, "वेळ कोणाला काढता येतो हो? मी गाडी जरा उशिरा काढायचे." त्या खळखळून हसल्या. त्यांना वाटलं, मी विनोद केला.

मी लाल गाडीवर वाहक होते. लोकांच्या तोंडी कंडक्टर बाई. वर्धा जिल्ह्यातल्या एका डेपोत माझी सगळी नोकरी गेली. कोणत्या, ते विचारू नका. निवृत्तीची काही कागदं अजून साहेबांच्या टेबलावर पडून आहेत आणि ती सुखरूप माझ्या हातात यावीत अशी माझी फार इच्छा आहे. म्हणून गावाचं नावही मी बदलून जांबधरा ठेवलंय. माणसांची नावं बदलली, त्यांचे स्वभाव मात्र मला बदलता आले नाहीत.

बाहेरच्यांना वाटतं, गाडी ड्रायव्हर चालवतो. खरं तर गाडी दोरीवर चालते. वाहकाच्या डोक्यावरून घंटीची दोरी गेलेली असते. ती एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की निघते. दोन टोले पडल्याशिवाय कितीही ताठ मानेचा ड्रायव्हर असला तरी जागचा हलत नाही. घरी माझ्या सांगण्यावरून कोणी पाण्याचा पेला इकडचा तिकडं करत नसे, आणि इथं एवढं मोठं धूड माझ्या मनगटावर चालायचं. या नोकरीत मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर हेच.

बाकीचं काम तुम्ही पाहिलेलंच आहे. तिकिटाचं मशीन, सुट्ट्या पैशांवरून हुज्जत, पायात कोणाची तरी कोंबडी, मांडीवर कोणाचं तरी लेकरू. बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून तर आमच्या भागातल्या सगळ्या बायकांना आपापली माहेरं एकदम आठवली. वडनेरच्या मावशीला गेली कित्येक वर्षं न भेटलेल्या बायका दर पंधरवड्याला मावशीची तब्येत पाहायला निघाल्या. मावशीची तब्येत यामुळंच बिघडली असावी असा माझा अंदाज आहे.

आता छंदाचं सांगते. मला बुद्धिबळाचं वेड. मोठ्या भावानं शिकवलं आणि शिकवल्याचा त्याला पुढं फार पश्चात्ताप झाला, कारण मी त्याला त्याच्या मित्रांसमोर हरवायचे. लग्नात मी हट्टानं रुखवतात लाकडी पट मांडला. सासरच्यांना तो शोभेचा वाटला. सासूबाईंनी महिनाभर कौतुकानं भिंतीला टेकवून ठेवला, मग त्यावर पापड लाटून पाहिले, आणि पापड छान पातळ होतात असं लक्षात आल्यावर तो स्वयंपाकघरात गेला तो गेलाच. आमच्या ह्यांना मी एकदा खेळायला बसवलं होतं. घोड्याची चाल समजावून सांगेपर्यंत ते बसल्या जागी झोपले.

पहाटे उठून दोन वेळचा स्वयंपाक, मग ड्यूटी, मग हिशेब भरून घरी, मग पुन्हा चूल. यात बुद्धिबळ कुठं बसणार? मी ते मनातून काढून टाकलं होतं. आणि मग मला जांबधऱ्याची फेरी लागली.

जांबधरा म्हणजे रस्त्याचं शेवटचं टोक. तिथून पुढं रस्ताच नाही, म्हणून गाडी वळते. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. गाडी वळेपर्यंत आणि लोक चढेपर्यंत वाहकाला पाय मोकळे करायला जरा उसंत मिळते. थांब्यासमोरच गुलाबसेठ यांचं किराणा दुकान. सेठ म्हणजे साठीच्या पुढचा, जाड भिंगाचा, सदा वैतागलेला माणूस. त्यांच्या आजोबांपासून दुकान तिथंच. पहाटे फळी उघडायची, रात्री लावायची. मध्ये जेवणसुद्धा गल्ल्यावर. लग्नाची वरात सोडली तर हा माणूस दिवसा दुकानाबाहेर कधी दिसला नाही असं गावात म्हणायचे. आणि वरातीतसुद्धा म्हणे दुकानाकडे वळून वळून बघत होते.

एकदा मी पाण्याची बाटली घ्यायला गेले, तर गल्ल्याशेजारच्या स्टुलावर पट मांडलेला. सेठ एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत होते. साखर मोजायची, एक चाल करायची. तेल काढायचं, दुसरी चाल करायची. मी पाण्याचे पैसे दिले आणि न राहवून म्हणाले, "सेठ, तुमचा उंट चालला."

त्यांनी भिंगातून वर पाहिलं. "तुमाले समजते?"

"थोडंबहुत."

"मंग ह्या साईडनं तुमी खेळा."

मी एक प्यादं सरकवलं. तेवढ्यात आमचे ड्रायव्हर नानाभाऊ यांनी हॉर्न दिला आणि मी पळाले. संध्याकाळच्या फेरीला गेले तर सेठनी उत्तराची चाल करून ठेवलेली. पटावर बांबूची दुरडी पालथी घातलेली आणि दुरडीवर दोन किलोचं वजन ठेवलेलं, बकऱ्यांनी डाव मोडू नये म्हणून. मी दुरडी उचलली, पाहिलं, चाल केली, दुरडी ठेवली, पळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

असा आमचा खेळ सुरू झाला. एका फेरीला एक चाल. पुढची चाल मी गाडीत तिकिटं फाडता फाडता शोधायचे. हात मशीनवर, डोळे प्रवाशावर, डोकं जांबधऱ्याच्या स्टुलावर. "आर्वी दोन पूर्ण, एक अर्धं" असं कोणी म्हणालं की मी तिकिटं देऊन मोकळी व्हायचे आणि मनात घोडा मागं घ्यायचे. सेठही तसेच. गिऱ्हाईक उभं, हातात तराजू, आणि हे दुरडीकडं बघताहेत. एका बाईला त्यांनी डाळीऐवजी दोनदा मुरमुरे बांधून दिले होते.

एक डाव एका पौर्णिमेला सुरू झाला की पुढच्या पौर्णिमेपर्यंत चालायचा. आणि तो संपायचा तेव्हा मी हरलेली असायचे. हे मी आधीच सांगून टाकते. एवढ्या वर्षांत मी सेठना एकदाही हरवलं नाही. ते जिंकल्यावर फक्त एक संत्र्याची गोळी माझ्या तळहातावर ठेवायचे. ती गोळी मला मिरचीसारखी लागायची.

गाडीतले लोक लवकरच यात सामील झाले. आमच्या रोजच्या प्रवाशांत शांताकाकू म्हणून होत्या, भाजीची पाटी घेऊन आर्वीच्या बाजाराला जाणाऱ्या. त्यांना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण घरातल्या भांडणासारखी त्यांना सगळी पात्रं पाठ होती.

"बाई, त्या काया घोड्याचं काय झालं?"

"मेला काकू, काल संध्याकाळी."

"अगं माय! कोनं मारला?"

"वजिरानं."

"मले वाटलंच होतं. थो वजीर पहिल्यापासूनच वंगाळ." मग त्या मागच्या सीटवरच्यांना बातमी द्यायच्या. सेवाग्रामच्या दवाखान्यात दर महिन्याला बीपी तपासायला जाणारे एक आजोबा तर चढता चढताच विचारायचे, "राजा जिता हाये ना?" मी हो म्हटलं की समाधानानं बसायचे. त्यांचं बीपी माझ्या राजावर अवलंबून असावं.

पण चाल करायला कधीकधी वेळ लागायचा. अवघड जागी अडकले की मी स्टुलाशी उभी राहायचे आणि दोरी तशीच लोंबकळत राहायची. नानाभाऊ हॉर्न देऊन देऊन थकायचे, मग स्वतः येऊन उभे राहायचे.

"बाई, काऊन उशीर करून राह्यल्या? तिकडं लोकं बोंबलून राह्यले."

"नानाभाऊ, हत्ती अडकला."

"मंग क्रेन बोलवू काय?"

एकदा अशीच गाडी बरीच थांबली आणि त्यात एका माणसाची पुढची गाडी चुकली. तो बाहेरगावचा होता, त्याला काळ्या घोड्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं डेपोत तक्रार दिली की वाहक बाई ड्यूटीवर दुकानात जुगार खेळतात. त्याचं फारसं चुकलं होतं असंही नाही.

साहेबांनी मला बोलावलं. ते नवीन बदलून आले होते, तोंडावर कडकपणा आणि टेबलावर देवाचा फोटो.

"पैसे लावता?"

"नाही साहेब, बुद्धिबळ आहे."

"मग जिंकल्यावर काय मिळतं?"

"जिंकले असते तर सांगितलं असतं साहेब."

 मी उद्धटपणा केला की खरं सांगितलं हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी मला जांबधऱ्यावरून काढलं आणि नागपूरच्या लांब गाडीवर टाकलं. त्यांचा समज, मोठ्या शहराकडची गाडी म्हणजे बाई खूश होईल. मी घरी आले आणि पोळ्या लाटता लाटता रडले. ह्यांनी विचारलं, "काय झालं वं?" मी म्हटलं, "कांदा." समोर कांदा नव्हता, पण ह्यांनी कधी ताटाबाहेर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी डेपोत नानाभाऊंना गाठलं. ते अजून जांबधऱ्यावरच होते. "माझी चाल घेऊन जाल का?" मी विचारलं. नानाभाऊंना पट म्हणजे काय आणि प्यादं म्हणजे काय याचा पत्ता नव्हता. कागदावर लिहून द्यावं, तर कोणत्या घराला काय म्हणायचं हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि सेठनाही. मग मी आमची भाषा त्यांना शिकवली. सेठ बसायचे ती गल्ल्याची बाजू. मी उभी राहायचे ती रस्त्याची. एका कडेला गोड्या तेलाचं पिंप, दुसऱ्या कडेला थंड पाण्याचा फ्रीज. म्हणजे हत्ती दोन, एक पिंपाकडचा, एक फ्रीजकडचा. चाल सांगायची तर, "पिंपाकडचा हत्ती, गल्ल्याकडं तीन घरं." एवढं पाठ करायला नानाभाऊंना काही जड नव्हतं. सेठही उत्तर तसंच पाठवायचे. नानाभाऊ संध्याकाळी डेपोत उतरले की आधी चाल सांगायचे, मग पाणी प्यायचे. दोन-तीन डाव खेळून झालेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा गंभीर व्हायला लागला होता.

पटाची ती जागा मला डोळ्यांसमोर जशीच्या तशी दिसायची. नागपूरच्या रस्त्यावर मी खिडकीबाहेर बघत असले की प्रवाशांना वाटायचं बाई निसर्ग बघतात.

मग एकदा नानाभाऊ चेहरा पाडून आले. "बाई, तुमचा हत्ती गेला."

"कोणता?"

"पिंपाकडचा. वजिरानं मारला म्हने."

"तो कसा जाईल? मी सांगितलं त्या घरावर सेठचा वजीर पोचतच नाही!"

"मी पिंपाकडचाच सांगतला. आईची आन."

मला रात्रभर कोडं उलगडलं नाही. थोड्याच दिवसांनी साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना जांबधऱ्याला जायला तयार असा वाहक मिळेना, कारण तिथं ना चहा धड ना सावली. मी हात वर केला. नव्या साहेबांनी माझ्या सेवाभावाचं कौतुक केलं. मी मान खाली घालून ते स्वीकारलं.

पहिल्याच फेरीला मी गाडी पुरती थांबायच्या आत उतरले आणि दुकानात शिरले, तर काय पाहते! फ्रीज या भिंतीला आणि पिंप त्या भिंतीला. वायरमननं प्लग दुसऱ्या बाजूला बसवून दिला होता, म्हणून सेठनी फ्रीज सरकवला, आणि फ्रीजच्या जागी पिंप आणून ठेवलं. पट मात्र तसाच. मी म्हटलं पिंपाकडचा हत्ती, सेठनी पिंप पाहिलं आणि त्या बाजूचा हत्ती ढकलला. आणि मग स्वतःच्याच वजिरानं तो मारला.

"सेठ, ही बेईमानी आहे!"

"काऊन? तुमीच सांगतलं, पिंपाकडचा. पिंप कोठी हाये पाहा न."

"पिंप तुम्ही हलवलं!"

"दुकान माहं हाये बाई. पिंप हलवाले तुमाले विचारू काय?"

दोघांचाही आवाज चढला. तोवर अर्धी गाडी उतरून दुकानासमोर उभी. शांताकाकूंनी पाटी खाली ठेवली, पदर खोचला, पिंपाकडं पाहिलं, फ्रीजकडं पाहिलं, आणि निकाल दिला, "पिंप कोनं हलवलं? सेठनं. हत्ती कोनाचा? बाईचा. सेठच्या हातानं बाईचा हत्ती मेला. वापस करा."

"पन काकू..."

"वापस करा म्हनलं न! नाई तं मी तेल दुसऱ्या दुकानातून नेतो."

गावात दुसरं दुकान नव्हतं. तरी सेठनी हत्ती परत ठेवला. आमच्या खेळाच्या इतिहासात सेठनी दिलेली ती एकमेव सूट, असं मी पुढची कितीतरी वर्षं समजत होते. तो डावसुद्धा मी हरलेच. संत्र्याची गोळी मिळाली.

पुढं बऱ्याच वर्षांनी माझी निवृत्ती जवळ आली. घरी सगळे खूश. ह्यांचं तर रोज एकच, "आता बरं झालं, तुले टाईमच टाईम." सासूबाई म्हणाल्या, "आता निवांत बसजो." मीही ऐकून घेत होते. पण मनात एकच होतं. शेवटच्या डावात मी चांगली स्थिती आणली होती. आयुष्यात पहिल्यांदा सेठ दुरडीकडं बघून घाम पुसत होते. हा डाव जिंकायचा आणि मगच मशीन जमा करायचं, असं मी ठरवलं. सगळ्या गाडीला ते माहीत होतं. बीपीवाल्या आजोबांनी तर मला देवीचा अंगारा आणून दिला.

शेवटच्या दिवशी संध्याकाळच्या फेरीला नानाभाऊंनी गाडीला झेंडूचा हार घातला. जांबधऱ्याला उतरले तर दुकानासमोर ही गर्दी. शांताकाकूंनी माझी ओटी भरली. कोणी नारळ दिला, कोणी वांगी. या सगळ्या गोंधळात मी दुरडी उचलली आणि आदल्या रात्री ठरवून ठेवलेली जोरदार चाल केली. माझा मागचा हत्ती मी उचलून थेट सेठच्या वजिरासमोर नेऊन ठेवला. आता वजीर हलवला तरी जाणार, नाही हलवला तरी जाणार. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

सेठ रीतीप्रमाणे उत्तर पुढच्या फेरीला द्यायचे. माझी पुढची फेरी नव्हती. त्यांनी पटाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग पुन्हा पटाकडं. चष्मा काढून पुसला, घातला, आणि कडेचं एक बिनकामाचं प्यादं एक घर पुढं ढकललं.

"एवढंच?" मी म्हणाले.

"हव. एवढंच."

मला वाटलं, म्हातारा हबकला. नानाभाऊंनी हॉर्न दिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी गाडीत चढले आणि दोन टोले दिले. ते माझे शेवटचे. खिडकीतून मागं पाहिलं तर सेठ दुरडीवर वजन ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळताना हात एकदम थांबला. मी पापडाचा पट धुवून पुसून घेतला. लसणाच्या पाकळ्या माझ्या सोंगट्या, वाटाणे सेठचे, माझ्या राजाच्या जागी लवंग. सगळा डाव मांडला.  मी तो हत्ती पुढं नेल्यावर माझी शेवटची ओळ उघडी पडली होती. सेठचा हत्ती सरळ खाली आला असता तर माझा राजा माझ्याच प्याद्यांच्या मागं कोंडून मेला असता. एका चालीत मात. शिकाऊ पोरालाही दिसेल अशी. आणि सेठना दिसली नसेल, यावर माझा विश्वास बसेना.

मला इतका राग आला की मी कणीक तशीच आपटली. एवढी वर्षं मी प्रामाणिकपणे हरत आले, आणि शेवटच्या दिवशी या माणसानं मला दया दाखवली! नारळ-वांग्यांबरोबर आणखी एक आहेर! तडक जाऊन जाब विचारायचा, असं मी तिथंच ठरवलं.

पण जायला जमेल तर ना. निवृत्त बाईला वेळच वेळ असतो, हे कोणी पसरवलंय कोण जाणे. नोकरीत होते तोवर माझ्या वेळेला निदान वेळापत्रक होतं. आता घरात मी दिसले रे दिसले की कोणाला तरी काहीतरी आठवायचं. सासूबाईंचे पाय चेपायचे, नातीला शाळेतून आणायचं, ह्यांच्या भावाच्या घरी लग्न म्हणून वड्या घालायच्या, गॅसवाला येणार म्हणून दाराशी बसायचं. "तू तर घरीच आहेस" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की मला ते माझं आडनाव वाटायला लागलं. गाडी थांबली की माझ्या हक्काची थोडी उसंत असायची. घराला थांबाच नव्हता, आणि दोरी माझ्या हातातून गेली होती. खरं सांगते, त्या दिवसांत मला फार कोंडल्यासारखं झालं. पटावरची ती कोंडलेली लवंग आठवायची.

एक दिवस मी पोळ्या करून ठेवल्या, पदराला हात पुसले आणि सांगितलं, "जांबधऱ्याले जाऊन येतो."

"काऊन?" ह्यांनी विचारलं.

"डाव अर्धा राह्यला."

ह्यांनी जरा विचार केला. अर्धं काम सोडू नये, असं ह्यांचं एकूण मत आहे. शिवाय मला राग आलेला आहे हे त्यांना या वेळी दिसलं असावं, कारण त्या दिवसासारखी कणीक एरवी कधी आपटत नाही मी. "जाजो," ते म्हणाले. "पन लवकर येजो."

मी थांब्यावर उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा जांबधऱ्याचं अर्धं तिकीट घेतलं. गाडीवर नानाभाऊच होते. शांताकाकू मला पाहून ओरडल्या, "आली गं बाई आपली! राजा जिता हाये अजून!" पोचेपर्यंत सगळ्या गाडीला कळलं होतं की बाई भांडायला चालल्या आहेत.

दुकानात दुरडी होती. वजन होतं. मी दुरडी उचलली. कडेचं ते बिनकामाचं प्यादं एक घर पुढं, बाकी सगळं जसंच्या तसं. सेठ एका बाईला गूळ बांधून देत होते.

"सेठ, माझी मात होती."

"हव."

"तुम्हाला दिसली होती."

"दिसली न. आंधळा हाये काय मी?"

"मग केली काऊन नाही? मी दयेवर खेळत नाही, सांगून ठेवते. एवढी वर्षं हरले, तोंड वाकडं न करता हरले. शेवटच्या दिवशी तुम्ही मला भीक घातली!"

सेठनी गुळाची पुडी दोऱ्यानं बांधली, दोरा तोडला, पैसे गल्ल्यात टाकले. मग भिंगातून माझ्याकडं पाहिलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच वैतागलेला होता.

"बाई, मात केली असती तं डाव खतम झाला असता. मंग आज घरी काय सांगून आल्या असत्या?"

 या माणसाला कोणी सांगितलं होतं, की मला घरी काही सांगावं लागतं? पण दुकान सोडून कधी न हललेल्या माणसाला हे कळणारच. त्यालाही स्टुलापर्यंत जायला काहीतरी सांगावं लागत असेल, निदान स्वतःला. डोळे भरून आले ते मी लपवले नाहीत. कांदासुद्धा म्हटलं नाही.

"बसा न आता," सेठ म्हणाले. "टाईम हाये तुमच्यापाशी. पुरा डाव खेळून घेऊ."

मी स्टुलासमोर पोत्यावर बसले. सेठनी गल्ल्यावरून मान पुढं काढली.  सेठचा वजीर माझ्या हत्तीसमोर उघडा होता. उचलला की सेठच्या राजाला शह, आणि डाव माझा. माझा हात तिकडं गेलासुद्धा. मग तो मी मागं घेतला आणि माझ्या राजापुढचं प्यादं एक घर सरकवलं. राजाला हलायला एक घर मोकळं झालं.

सेठनी ते पाहिलं. वजिराकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग बरणीत हात घालून एक संत्र्याची गोळी माझ्या तळहातावर ठेवली. यावेळी ती गोड लागली.

तेवढ्यात नानाभाऊंनी हॉर्न दिला आणि मी ताडकन उठून पळाले. पायरीवर पाय ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की मला पळायचं काहीच कारण नव्हतं, संध्याकाळची गाडी होतीच. पण गाडीतल्या कोणालाच त्यात काही नवल वाटलं नाही. नव्या वाहक मुलीनं विचारलं, "बाई, झाली का चाल?"

"झाली."

तिनं दोन टोले दिले.

घरी पोचले तेव्हा ह्यांचं जेवण व्हायचं होतं. ताटावरून नजर न उचलता त्यांनी विचारलं, "झाला काय एकदाचा तो डाव?"

"कुठं हो," मी म्हटलं आणि पोळी वाढली. "अजून लय बाकी आहे."